विजेचं माप कुणाच्या हातात?

(सेवाग्राम येथे महिला गटांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर. गटांच्या आग्रहावरून, बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवून, देत आहोत.)



कालपासून आपण पोटगी, रेशन, घरावर नाव लावणं अशा आपल्या नेहमीच्या विषयांवर बोलतो आहोत. आज सकाळी मात्र फळ्यावर लिहिलंय, 'वीज कशी मोजतात, कशी तयार होते'. ते वाचून मघाशी मागच्या ओळीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हे कायले व? हे तं माणसायचं काम होय."

मी काही त्यांना हसणार नाही, कारण मीही तशीच वाढले. दहावीनंतर विज्ञान सोडलं, पुढे समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. कुटुंब न्यायालय, पंचनामा, प्रथम खबर, सगळं शिकले. पण घरातला फ्यूज उडाला की भावाला हाक मारायची. विजेचा आणि माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तो बदलला तिशी उलटल्यावर, आणि तोही कुठल्या पुस्तकामुळे नाही. सहा शिवणकाम करणाऱ्या बायकांमुळे.

विदर्भातल्याच एका गावातल्या या सहा जणी. गाव आणि नावं सांगत नाही. त्यांनी गटाच्या कर्जातून पाच मशीनं घेतली, मोटारी बसवल्या आणि एक खोली भाड्याने घेतली. वीज घरमालकाच्याच मीटरवरून. पहिल्या महिन्यात मालक म्हणाला, लाईटबिलाचे अठराशे द्या. का, तर "पाच मोटारी चालवता, मोटार किती लाईट खाते माहीत आहे का?" माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं आणि मलाही नव्हतं. म्हणून चार महिने अठराशे रुपये गेले. नफा वाटायला बसल्या तेव्हा वाटायला काही उरलंच नव्हतं. घरचे म्हणायला लागले, मशीन विकून टाका, त्यापेक्षा सोयाबीन कापायला जा.

त्या मला घेऊन मालकाकडे भांडायला निघाल्या होत्या. अर्ध्या वाटेत एकीने विचारलं, "ताई, त्यायनं इचारलं का मंग किती होते, तं आपण काय सांगाचं?" आम्ही तिथूनच परत फिरलो.

आता हा हिशोब आपण सगळ्याजणी करू. पण त्याआधी दोन शब्द नीट समजून घ्यायचे, वॅट आणि युनिट. सगळी गफलत या दोघांत होते.

रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या इथे किती जणी आहेत? हात वर करा. निम्म्याहून जास्त. मग तुम्हाला हे शिकवावंच लागणार नाही. हजेरीपटावर आज किती मजूर आहेत, हा एक आकडा. आणि महिनाअखेर एकूण किती हजेऱ्या भरल्या, म्हणजे सरकार ज्याला मनुष्यदिवस म्हणतं, तो दुसरा आकडा. दहा जणी एक दिवस आल्या तरी दहा हजेऱ्या, आणि एकटी बाई दहा दिवस आली तरी दहाच. वॅट म्हणजे आत्ता या घडीला कामावर किती जोर लागला आहे. युनिट म्हणजे त्या जोराने एकूण किती काम झालं. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा तास जळला की एक युनिट. दहा वॅटचा एलईडी दिवा शंभर तास जळला की एक युनिट. बिल वॅटवर येत नाही, युनिटवर येतं. म्हणजे मोठं उपकरण थोडा वेळ चाललं तर कमी खाईल आणि लहान उपकरण रात्रंदिवस चालू राहिलं तर जास्त खाईल. मालक मोटारींकडे बोट दाखवत होता, पण त्या पंख्यांपेक्षा थोडंच जास्त खात होत्या.

बघा. पाच मोटारी, प्रत्येकी १०० वॅट. पण मोटार पाय दाबला तेवढाच वेळ चालते. कापणं, जोडणं, गप्पा मारणं यात ती बंदच. दिवसात तीन तास धरले. पाचशे वॅट गुणिले तीन तास, दीड युनिट. तीन नळ्या २० वॅटच्या, सहा तास, ०.३६. दोन पंखे ७५ वॅटचे, सात तास, १.०५. इस्त्री ७५० वॅटची, गरम होऊन बंद पडते, पुन्हा लागते, तो बंद वेळ सोडला तर एक तास, ०.७५. बेरीज ३.६६. महिन्याचे कामाचे दिवस २५. म्हणजे ९२ युनिटांच्या आत. मालकाच्या बिलाची एकूण रक्कम त्यावरच्या एकूण युनिटांनी भागली तर युनिट नऊ रुपयांना पडत होतं. सव्वाआठशे रुपये झाले. तो घेत होता अठराशे.

हा कागद घेऊन गेलो. तो ओरडला, मग म्हणाला तुमचा हिशोब मी का मानू? तेही खरंच. म्हणून गटाच्या पैशातून एक छोटं पोटमीटर आणलं आणि वायरमनकडून खोलीच्या वायरवर बसवून घेतलं. पहिल्या महिन्याचा आकडा आला १०४. आमचं गणित १२ युनिटांनी चुकलं होतं. दुपारी जेवायला घरी जाताना पंखे तसेच चालू राहत होते, हे नंतर कळलं. पण १०४ म्हणजे १०४. त्यावर मालक काही बोलू शकला नाही आणि त्याही 'तुम्ही लुबाडता' असं म्हणायच्या थांबल्या. त्या आजही तिथेच शिवतात.

जाता जाता आणखी दोन गोष्टी, कारण बऱ्याच जणी भाड्याने राहता. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, पुढची ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. एका मीटरवर चार बिऱ्हाडं असली की सगळ्यांची युनिटं एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. मग ती स्वस्त १०० युनिटं कुणाची? बहुतेक वेळा मालकाची. दुसरी गोष्ट, राहत्या घराच्याच एका भागात शिवण, पापड, पार्लर असं काही करत असाल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल, तर तो घरगुती दरातच बसतो, अशी तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत आलेली आहे. आपल्या बिलावर वर्ग कोणता लिहिलाय ते घरी गेल्यावर वाचा. 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार', 'वीज शुल्क' असे रकाने दिसतील. पहिला तुम्ही एकही दिवा लावला नाही तरी द्यावा लागतो. तो लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचं आहे.

रोजगार हमीचं उदाहरण मी उगाच दिलं नाही. मातीकामाची मजुरी खणलेल्या खड्ड्याच्या मापावर मिळते. खणायला बाई, टोपली वाहायला बाई, आणि फीत धरायला मुकादम. किती वेळा माप कमी भरलं आणि मजुरी कमी आली, ते तुम्ही मला सांगाल. फीत हातात घेतल्याशिवाय मजुरीचं भांडण जिंकता येत नाही, हे आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखलं. विजेची फीत म्हणजे मीटर. तो बहुतेक घरांत दाराच्या वर, पुरुषाच्या उंचीला आणि पुरुषाच्या नावावर असतो.

आणि मापाचा इतिहासही असाच आहे. जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा यंत्रकार अठराव्या शतकात वाफेची इंजिनं विकत होता. गिऱ्हाइकांकडे घोडे होते, घोडे चक्राकार फिरून गिरणी ओढत. वॅटला सांगायचं होतं, माझं इंजिन इतक्या घोड्यांचं काम करेल, तेव्हा इतके पैसे द्या. म्हणून त्याने घोडा मोजला. त्यातून 'हॉर्सपॉवर' आलं, आपण ज्याला एचपी म्हणतो ते. आजच्या मापाने एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पुढे १८८२ साली वॅटचंच नाव मापाला द्यावं अशी सूचना झाली. एडिसन न्यूयॉर्कमध्ये वीज विकू लागला तेव्हा त्याच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या असत. महिन्याने माणूस येऊन त्या काढून नेई, त्यांच्या वजनात पडलेला फरक मोजून बिल करी. गिऱ्हाइकाला घरात बसून काहीही वाचता येत नसे! आणि 'युनिट' हा शब्द ब्रिटनच्या व्यापार खात्याने ठरवलेल्या एककावरून आला, 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट'. पुढचे शब्द गळाले, युनिट राहिलं. थोडक्यात काय, ही मापं जन्मली ती वसुलीसाठी. त्यात गैर काही नाही, पण ते लक्षात ठेवलेलं बरं.

घोडा मोजला, बाई कुणी मोजली नाही. आपण मोजू. धट्टंकट्टं माणूस दिवसभर राबत राहिलं तर त्याच्या अंगातून निघणारा जोर साधारण ७५ वॅट धरतात. म्हणजे ती ७५० वॅटची इस्त्री लावली की भिंतीतून दहा बायका हजेरीपटावर येतात. शेतातला पाच एचपीचा पंप म्हणजे पन्नास. आणि एक बाई आठ तास सतत राबली तर तिचं काम झालं ७५ गुणिले ८, ६०० वॅट-तास. एका युनिटलाही कमी, फक्त ०.६.

दुसरा हिशोब विहिरीचा. विहीर १० मीटर खोल, म्हणजे ३३ फूट. बादली १५ लिटरची. ती वर ओढायला शास्त्राच्या भाषेत १,४७० ज्यूल लागतात. एका युनिटात ज्यूल असतात ३६ लाख. भागाकार करा: सुमारे २,४५० बादल्या. घरात रोज २० बादल्या लागत असतील तर चार महिन्यांचं पाणी. पंपात निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते असं धरलं तरी दीड-दोन महिन्यांचं. एका युनिटात!

हा आकडा मी पहिल्यांदा एका बैठकीत सांगितला, तेव्हा मला वाटलं होतं बायका खूश होतील. शांतता पसरली. मग एक म्हातारी बाई म्हणाली, "मंग काय व ताई, मी जलमभर पानी ओढलं ते दहा-पाच रुपयाचंच होय काय?"

याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज देऊन बघते.

एक तर, मीटर फक्त उचललेलं मोजतो. विहिरीवर पोचण्याआधीचं चालणं, रांगेत थांबणं, कडेवरचं पोर, डोक्यावरचा हंडा घेऊन चढण चढणं, आणि घरी आल्यावर पाणी पुरवून वापरण्याची अक्कल, यातलं काहीही ज्यूलमध्ये येत नाही. खालच्या जागी नेलेलं पाणी तर पदार्थविज्ञानाच्या हिशोबात काम म्हणूनही धरत नाहीत, कारण काही वर उचललंच नाही. तेव्हा ०.६ युनिट ही त्या बाईच्या दिवसाची किंमत नाही, तिच्या स्नायूंचा तेवढाच भाग आहे. दुसरं, मला त्या आकड्यातून वेगळीच चीड येते. दहा रुपयांच्या विजेत जे होऊ शकत होतं त्यासाठी तिच्या कंबरेचे मणके झिजवले. गावात खांब आले, शेतातल्या पंपाला जोडणी मिळाली, पण पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर मोटार बसवायला आणखी कितीतरी वर्षं गेली. बाईचे श्रम फुकट मिळत होते, म्हणून घाई कुणालाच नव्हती. वीज नव्हती असं नाही. वीज कुणासाठी आधी, हे ठरवताना ती तिथे बसलेली नव्हती.

आणि तिसरं, ते दहा रुपये हीसुद्धा विजेची खरी किंमत नाही. त्यासाठी आपल्याला मीटरच्या पलीकडे, तारेच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

वीज तयार होते ती मूळ एकाच युक्तीने. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं, की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज वाहते. हलवायचा थांबवला की वीज थांबते. जुन्या सायकलीला चाकावर घासणारा डायनामो असायचा, तो आठवतो? पाय मारले तर दिवा, थांबलो की अंधार. कोराडीचं केंद्र म्हणजे तोच डायनामो, फक्त पाय मारायला वाफ आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने पाती फिरवायची, पात्यांबरोबर चुंबक फिरतो, मिनिटाला तीन हजार फेरे. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश, नव्या संचांत थोडा जास्त, तारेत येतो. बाकीचा धुरांड्यातून आणि थंड करायच्या मनोऱ्यांतून हवेत जातो. ज्या घडीला आपण बटण दाबतो, त्याच घडीला कुठेतरी तेवढा कोळसा जास्त लागतो. मोठ्या प्रमाणावर वीज कणगीत साठवून ठेवता येत नाही; बॅटऱ्या आल्यात, पण अजून थोड्या आहेत.

मग वीज निघते ती फार मोठ्या दाबाने. दाब म्हणजे व्होल्ट. उंच टाकीतून पाणी जोराने येतं तसं समजा. दाब वाढवला की तेवढीच ताकद न्यायला तारेतला प्रवाह कमी पुरतो, आणि प्रवाह कमी तेवढी तार कमी तापते, वाट्यात गळती कमी. आपल्या वर्धा जिल्ह्यात देवळीजवळ पॉवरग्रिडचं ७६५ किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे. शेतांतून गेलेले ते अवाढव्य मनोरे त्याचेच. तिथून टप्प्याटप्प्याने उतरत ११ किलोव्होल्ट, मग आपल्या गावातली डीपी, आणि डीपीतून घरात २३० व्होल्ट. संध्याकाळी सगळ्या गावाने एकदम पंप आणि दिवे लावले की दाब उतरतो, नळी लुकलुकते. त्यात तुमच्या नळीचा दोष नसतो.

आता चंद्रपूर बघा, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या औष्णिक केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॅट. मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. हा वॅटचा आकडा आहे, हजेरीपटावरचा. पूर्ण ताकदीने चोवीस तास चाललं तर युनिटं किती? सात कोटी. आपल्याकडच्या कोळशाने एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जातो, आणि त्यातून साधारण पाव किलो राख उरते. तुमच्या बिलावर १०० युनिटं असतील आणि ती कोळशाची असतील, तर २५ किलो राख कुठल्यातरी बाईच्या अंगणाजवळ पडली. कोराडीत जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखबंधारा फुटला तेव्हा राखेचा लगदा शेतांत आणि नदीत शिरला. राखेने भरलेलं शेत पुन्हा कसण्याजोगं करायला लागणारे श्रम, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुणं, खोकणाऱ्या पोराला घेऊन दवाखान्याच्या चकरा: यांचा रकाना बिलात नाही. मी शोधला. 'इंधन समायोजन' आहे, राख समायोजन नाही.

कोळसा नको तर पाणी, असं कुणी म्हणेल. पाण्याची वीज आपल्याकडे आधी आली. खोपोलीचं टाटांचं केंद्र १९१५ चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पुढच्या धरणासाठी मुळशी खोरं बुडवायचं ठरलं, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बायकाही त्यात होत्या. धरण झालंच. नंतर कोयना, १,९६० मेगावॅट; त्या पाण्याने सह्याद्री पोखरून पश्चिमेला उडी घेतली आणि महाराष्ट्र उजळला, पण बुडालेल्या गावांतल्या माणसांना पुनर्वसनासाठी दशकानुदशकं भांडावं लागलं. तेव्हा पाणी स्वच्छ असलं तरी हिशोब स्वच्छ असतोच असं नाही.

आता तो 'स्थिर आकार', ज्यावर परत येऊ म्हटलं होतं. एन्रॉन तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. दाभोळच्या प्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला. त्यात वीज मंडळाने घेतलेल्या युनिटांचे पैसे वेगळे आणि प्रकल्प उभा आहे म्हणून क्षमतेचे पैसे वेगळे होते. म्हणजे युनिट घ्या न घ्या, वॅटचे पैसे द्याच. मजूर बोलावले, काम दिलं नाही, तरी हजेरी भरायची. मजुरांच्या बाबतीत हे कुणी मान्य करेल का? पण कंपनीच्या बाबतीत केलं. वीज महाग म्हणून कमी घेतली, आणि कमी घेतली म्हणून घेतलेलं प्रत्येक युनिट आणखी महाग पडलं. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. आणि त्याच्या चार वर्षं आधी, ३ जून १९९७ च्या पहाटे, वेलदूरच्या कोळी वस्तीत पोलीस घुसले, विरोध करणाऱ्या बायकांना घरांतून ओढून मारहाण करून पकडून नेलं. त्या कोळणींना मेगावॅट आणि युनिट यातला फरक फळ्यावर कुणी शिकवला नव्हता. समुद्रात गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बरोबरच होता. पण करारातली ती क्षमतेची अट जर तेव्हा राज्यभरच्या बायकांना हजेरीपटाच्या भाषेत कळली असती, तर वेलदूर इतकं एकटं पडलं नसतं असं मला वाटतं.

सेवाग्राममध्ये बसून हे बोलताना गांधीजींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांना विजेचं वावडं होतं अशी समजूत आहे. १९३५ मध्ये, वर्ध्याला मगनवाडीत राहत असताना, त्यांनी 'हरिजन'मध्ये उलटंच लिहिलं होतं. प्रत्येक खेड्यातल्या घरात वीज पोचवता आली तर गावकऱ्यांनी अवजारं विजेवर चालवायला आपली हरकत नाही, फक्त गावाची चराई जमीन जशी गावाची, तसं वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचं हवं, असा त्याचा आशय. त्याच मगनवाडीत कुमारप्पा होते. ते साठ्यातून खर्च करणारी अर्थव्यवस्था आणि वाहत्यावर जगणारी अर्थव्यवस्था असा भेद करत. कोळसा, तेल हा साठा. काढला की कमी झाला, आणि साठ्यावर भांडणं होतात. झाड, प्रवाह हे वाहतं. तेलबियांच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील तिथेच तयार झाला. दुपारी मगन संग्रहालयात जाणार आहोत, तिथे जुनी साधनं नीट बघा. मला कुमारप्पा फार आवडतात. पण त्या कंदिलाची काच रोज कोण पुसत असेल, हा प्रश्न मला पडतोच.

वाहतं म्हणजे आज ऊन. विदर्भाला उन्हाचं कौतुक कधी नव्हतं, आता आहे. छपरावर एक किलोवॅटची सौर पाटी बसवली तर दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. इथे फॅरडेचा चुंबक लागत नाही, काही फिरत नाही. सिलिकॉनवर ऊन पडलं की थेट वीज निघते. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरगुती संचाला अनुदान आहे, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत. पण अर्ज कोण करणार? ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे तो. आणि छप्पर कुणाचं? काल आपण घरावर दोघांची नावं लावण्याबद्दल बोललो, तेव्हा एकीने विचारलं होतं की नाव लावून खायला काय मिळतं. दिवसाला चार युनिटं मिळतात! आणि विधवा, परित्यक्ता बायकांनी जोडणी स्वतःच्या नावावर करून घेणं हे तर पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने काम म्हणून घ्यावं. वारलेल्या नवऱ्याच्या नावावर वर्षानुवर्षं बिल भरणाऱ्या कितीजणी मला भेटतात.

'माणसायचं काम' याबद्दलही एक सांगते. ए. ललिता नावाची तेलुगू बाई; अठराव्या वर्षी विधवा झाली, पदरात तान्ही मुलगी. १९४० च्या दशकात ती मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियंता झाली आणि पुढे भाक्रा धरणाच्या वीजवहनाच्या कामात तिचा हात लागला. आज महावितरणमध्ये खांबावर चढणाऱ्या मुली आहेत. आपल्याला खांबावर चढायचं नाही. मीटरपर्यंत हात पोचला तरी चालेल, स्टूल घ्या.

मीटर आता बदलत आहेत. वेळेप्रमाणे वेगळा दर लावता येणारी मीटर येऊ लागली आहेत. दिवसा स्वस्त, रात्री महाग असं झालं तर बाईच्या दिवसाचं वेळापत्रक पुन्हा मीटर ठरवणार, पूर्वी नळाने ठरवलं तसं. याच्या बाजूने की विरोधात, हे गटागटांत बोला. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. पण बोलण्याआधी स्वतःच्या मीटरचे तीन महिन्यांचे आकडे वहीत लिहिलेले असू द्या, दर रविवारी, एकाच वेळेला.

आता चहा आहे. चहानंतर व्हरांड्यातल्या मीटरजवळ जमायचं. त्याच्या तोंडावर बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा आहे. काही मीटरांवर १६०० असतो. म्हणजे एका युनिटामागे तो लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. सगळं बंद करून बघू. तरीही लुकलुकला तर कुठेतरी गळती आहे किंवा कुणाचीतरी वायर इथून गेली आहे. मग मी आणलेली इस्त्री लावू. ७५० वॅटची आहे असं तिच्यावर लिहिलंय. खरं असेल तर मिनिटाला ४० वेळा लुकलुकायला हवं. घड्याळ माझ्याकडे आहे, मोजायला मागच्या ओळीतल्या त्या बाईंनी यायचं.